अनिर्वेद : राजशेखराचे वेळापत्रक आणि मराठी लेखकाचा उरलेला वेळ

१९१६ साली बडोद्याहून ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ या मालेचे पहिले पुष्प म्हणून राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ छापून निघाली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात सुरू झालेली ही माला पुढे शेकड्याने ग्रंथ देणार होती. पण सुरुवात झाली ती एका अर्धवट ग्रंथाने. राजशेखराने अठरा अधिकरणांचा आराखडा मांडला होता. हाती आले आहे ते पहिले अधिकरण, ‘कविरहस्य’. त्याचेही अध्याय अठराच, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला ग्रंथ पुरा वाटतो.

मराठी समीक्षेने या ग्रंथातून एक जोडी उचलली : कारयित्री प्रतिभा आणि भावयित्री प्रतिभा. पहिली लेखकाची, दुसरी रसिकाची. ही जोडी इतकी घासली गेली आहे की आस्वादक समीक्षेवरच्या कोणत्याही व्याख्यानात ती पहिल्या दहा मिनिटांत हजेरी लावते. पण त्याच ग्रंथातल्या दहाव्या अध्यायाकडे, जिथे कवीने सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करावे हे लिहिले आहे, आपण गमतीची वस्तू म्हणूनच पाहिले. कवीची नखे कापलेली असावीत, त्याच्या घरात सर्व ऋतूंना पुरेल अशी सोय असावी, बागेत मोर असावेत : हे वाचून हसायचे आणि पुढे जायचे. माझे म्हणणे असे की लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ग्रंथातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या काही जुन्या कोड्यांवर तो आजही उजेड टाकतो.

राजशेखर नवव्या शतकाच्या अखेरचा आणि दहाव्याच्या आरंभीचा. कनौजच्या प्रतिहार राजा महेंद्रपालाचा तो गुरू. स्वतःला तो ‘यायावरीय’ म्हणवतो, आणि त्याच्या पणजोबाला, अकालजलदाला, ‘महाराष्ट्रचूडामणी’ असे विशेषण त्याने दिले आहे. म्हणजे नाते आपल्याशी लागते. पण तेवढ्यावर त्याला मराठी ठरवायचा मोह मी आवरतो. तो दरबारी माणूस होता, काम नेमून दिलेला लेखक होता आणि बहुप्रसव होता, एवढे आपल्याला पुरे.

दहाव्या अध्यायात त्याने कवित्वाच्या आठ माता सांगितल्या आहेत. स्वास्थ्य, प्रतिभा, अभ्यास, भक्ती, विद्वानांशी बोलणे, बहुश्रुतता, स्मृतीची दृढता आणि शेवटी अनिर्वेद. क्रम पाहावा. प्रतिभेच्या आधी प्रकृती. आणि यादीचा शेवट ज्या शब्दावर होतो तो नकारार्थी आहे. निर्वेद म्हणजे उबग, विटणे, ‘आता पुरे’ असे वाटणे. भरताने सांगितलेल्या व्यभिचारी भावांच्या यादीत तो पहिला आहे. त्याचा अभाव म्हणजे अनिर्वेद.

हा शब्द त्याला कुठून सुचला असेल याचा विचार करताना ‘सुंदरकांड’ आठवते. हनुमान लंकेत सीतेला शोधतो, रावणाचे अंतःपुर पालथे घालतो, सीता सापडत नाही. तो खचतो. आणि मग स्वतःशी म्हणतो की न विटणे हेच वैभवाचे मूळ आहे, अजून न पाहिलेल्या जागा पाहू. तिथे स्फुरण नाही, दिव्य दर्शन नाही. राहिलेल्या जागांची यादी आहे आणि ती संपवायची आहे. राजशेखरासारख्या रामकथेवर ‘बालरामायण’ हे दहा अंकी नाटक लिहिणाऱ्या माणसाला हा प्रसंग परका असणार नाही.

लेखकाला ‘उत्साह’ हवा असे आपण सहज म्हणतो. राजशेखराला उत्साह हा शब्द माहीत नव्हता असे नाही. वीररसाचा तो स्थायिभाव. तरी त्याने तो घेतला नाही. उत्साह चढतो आणि उतरतो. अनिर्वेदाला चढायचेच नसते. आजकाल लेखन कार्यशाळांत ‘प्रेरणा कशी टिकवावी’ या विषयावर जे सत्र असते त्यात बहुधा उत्साह कसा चढवावा हेच सांगतात, आणि सोमवारी कचेरीत जाईपर्यंत तो उतरलेला असतो.

आता वेळापत्रक. त्याचे कारण तो आधी देतो : ज्या कामांना काळ नेमलेला नाही ती कामे विस्कटतात. म्हणून दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर. सकाळी उठून संध्या आणि सरस्वतीचे सूक्त झाले की पहिला प्रहर अभ्यासाचा. व्याकरण, कोश, छंद, अलंकार. दुसरा प्रहर रचनेचा. मध्यान्ही स्नान आणि जेवण. तिसरा प्रहर काव्यगोष्ठीचा, चार लोकांत बसून बोलण्याचा. आणि दिवसाचा चौथा प्रहर सकाळी जे रचले ते तपासण्याचा, एकट्याने किंवा मोजक्या माणसांसह. रसाच्या भरात लिहिणाऱ्याला विवेकाची दृष्टी नसते, म्हणून नंतर तपासावे, असे तो स्पष्ट म्हणतो. जास्त झालेले काढावे, कमी पडलेले भरावे, चुकीच्या जागी पडलेले हलवावे, विसरलेले आठवावे. तपासलेला मजकूर संध्याकाळनंतर लिहून ठेवावा. रात्रीचे मधले दोन प्रहर गाढ झोप. आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठावे, कारण त्या वेळी मन निवळलेले असते.

यात रचनेला दिवसाचा एकच प्रहर आहे, म्हणजे तीन तास. तपासायला तितकाच. त्याआधी अभ्यासाला तितकाच. लेखन म्हणजे ‘लिहिणे’ ही आपली कल्पना इथे एक तृतीयांशावर येते. आणि गंमत अशी की हाच राजशेखर, पूर्वीच्या आचार्यांनी पाटी, खडू, दौत, ताडपत्रे, घोटलेल्या भिंती ही कवीची साधने म्हणून सांगितल्यावर, ‘साधन एकच, प्रतिभा’ असे बजावतो. त्याला प्रतिभा आणि वेळापत्रक यांत विरोध दिसत नाही. आपल्याला तो दिसतो, याचे कारण आपल्याकडे रोमँटिक काव्यविचार इंग्रजी शाळांतून आला आणि घड्याळ कारकुनाच्या गळ्यात पडले. नेमाने लिहिणाऱ्याला आपण ‘पाट्या टाकतो’ म्हणतो. लहर लागली तरच लिहिणाऱ्याला कलावंत.

वेळेच्या संदर्भात राजशेखराने कवींचे चार प्रकार केले आहेत आणि माझ्या मते अध्यायाचा गाभा इथे आहे. पहिला ‘असूर्यंपश्य’ : गुहेत, तळघरात बसून एकनिष्ठेने लिहिणारा, सगळा काळ त्याचा. दुसरा ‘निषण्ण’ : तेवढा कडवा नव्हे, पण लिहायला बसला की बसला, त्यालाही सगळा काळ मोकळा. तिसरा ‘दत्तावसर’ : सेवाचाकरीला बाध न आणता लिहिणारा, त्याचे काळ मोजके. चौथा ‘प्रायोजनिक’ : काही प्रसंग पुढे आला, काही कामगिरी आली, की त्यासाठी लिहिणारा, त्याचा काळ ते प्रयोजन ठरवते.

दत्तावसर हा शब्द मला फार आवडतो. ज्याला अवसर दिला गेला आहे, म्हणजे जो दुसऱ्याने दिलेल्या सवडीवर जगतो. मी स्वतः तीस वर्षे दप्तरी नोकरीतून उरलेल्या वेळात वाचत आलो, संस्कृत शिकलो तेही वामन शिवराम आपट्यांचा कोश मांडीवर घेऊन. त्यामुळे या वर्गाविषयी मला आपलेपणा आहे हे मान्य करून टाकतो. पण मुद्दा माझा नाही. जवळजवळ सगळे मराठी साहित्य दत्तावसरांनी लिहिले आहे. केशवसुत शाळामास्तर. मर्ढेकर नभोवाणीत. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. नारायण सुर्वे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. तरीही आपल्या वाङ्मयेतिहासांत ही माहिती चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात येते आणि समीक्षा सुरू झाली की नाहीशी होते, जणू नोकरी हा लेखकाचा रक्तगट आहे, त्याच्या वाक्याशी तिचा संबंध नाही.

दत्तावसराला काळ कुठे सापडतो, याची राजशेखराने यादी दिली आहे. रात्रीच्या चौथ्या प्रहराचा अर्धा भाग, जेवण झाल्यावरचा निवांतपणा, आणि, हे वाचून मी थबकलो होतो, पालखीतला प्रवास. कारण प्रवासात मन इतर विषयांपासून सुटलेले असते आणि मग ते जिथे लावावे तिथे गुळवेलीसारखे चिकटते. गुळवेल ज्याने कडुनिंबावर चढताना पाहिली आहे त्याला ही उपमा कळेल. वेल खोडात घुसत नाही, बाहेरून धरते, पण सुटत नाही. विरार किंवा कल्याणहून रोज दोन वेळा गाडीने जाणाऱ्या माणसाने हे वाचावे. फरक इतकाच की राजशेखराच्या दत्तावसराला पालखीत बसायला मिळत होते.

चौथ्या वर्गाकडे, प्रायोजनिकाकडे, आपण अधिकच तुच्छतेने पाहतो. आणि गंमत म्हणजे ज्या पानावर आपण हे वाचत आहात ते पान प्रायोजनिकच आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला एक बाहेरचा ताल मिळाला. आषाढात संपादकाचे पत्र येते, श्रावणात आठवण, भाद्रपदात तगादा. शंभरांहून अधिक वर्षांत किती चांगल्या कथा केवळ या तगाद्यामुळे लिहिल्या गेल्या आणि किती केवळ या तगाद्यामुळे बिघडल्या, हा हिशेब कुणी मांडलेला नाही. मांडायला हवा. इथे मी त्याचा एक आधीचा नमुना घेतो, कारण त्याच्यात दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून झालेल्या दिसतात.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांना आपण मराठी कादंबरीचे जनक वगैरे म्हणतो. थोडा वेळ त्यांच्याकडे कामकरी लेखक म्हणून पाहावे. विद्यार्थी असतानाच त्यांनी आगरकरांच्या ‘विकारविलसिता’वर, म्हणजे ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर, बहात्तर पानांची टीका लिहिली. महाविद्यालयीन परीक्षेत मात्र गणिताने दगा दिला. पुढे पुण्यात आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. नगरपालिकेचे काम होते. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद झाले. आणि या सगळ्याच्या जोडीला १८९० साली सुरू केलेले ‘करमणूक’ हे साप्ताहिक पाव शतकाहून अधिक काळ चालवले. त्याचे संपादक तेच, आणि मुख्य मजकूर पुरवणारेही तेच. म्हणजे राजशेखराच्या भाषेत ते एकाच वेळी दत्तावसर आणि प्रायोजनिक. आश्रमाच्या आणि पालिकेच्या कामातून उरेल तो वेळ, आणि त्या वेळावर दर आठवड्याला छापखान्याची पडलेली झडप.

त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने आल्या. त्यांच्यावरचा ठरलेला आक्षेप पाल्हाळाचा. कथानक रेंगाळते, निवेदक वाचकाला हाताला धरून मागचे पुन्हा सांगतो, उपकथा फुटतात आणि काही हरवतात. आक्षेप खरा आहे. पण तो बहुधा स्वभावदोष म्हणून मांडला जातो : हरिभाऊंना आवरता येत नसे. राजशेखराचे वेळापत्रक शेजारी ठेवले की दुसरे कारण दिसते. हरिभाऊंच्या दिवसात पहिला प्रहर होता, दुसरा होता, गोष्ठी तर भरपूर होती. नव्हता तो चौथा. सकाळी लिहिलेले संध्याकाळी तपासायला हाती राहतच नव्हते. ते छापखान्यात गेलेले असे. आणि आठवड्याचा हप्ता एकदा वाचकाच्या घरी पोहोचला की ‘चुकीच्या जागी पडलेले हलवणे’ अशक्य होते. पहिल्या हप्त्यातले पात्र तिसाव्या हप्त्यात नकोसे झाले तरी त्याला जन्मालाच घालायचे नव्हते असे म्हणता येत नाही. मग त्याला प्रवासाला पाठवायचे किंवा मारायचे. त्या कादंबऱ्यांची पुस्तके झाली तरी हप्त्यांचे सांधे आजही बोटाला लागतात.

अपूर्ण कादंबऱ्या हा याचाच पुढचा भाग. ‘गणपतराव’ अपुरी राहिली, ‘कर्मयोग’ अपुरी राहिली. राजशेखराने प्रबंध नष्ट होण्याची कारणे दिली आहेत. आग, पाणी, दारिद्र्य, व्यसन, देशावरचे संकट ही नेहमीची. आणि त्यांच्याच रांगेत तीन वाक्ये, जी प्रत्येक लेखकाने कधी ना कधी म्हटलेली असतात : नंतर पुरे करू, नंतर नीट करू, मित्रांशी बोलून मग पाहू. महापुराच्या आणि आगीच्या पंक्तीला त्याने ही चालढकल बसवली आहे. हरिभाऊंच्या बाबतीत चालढकल आळसाची नव्हती. एक कादंबरी अर्धी राहिली कारण पुढचा अंक काढायचा होता. आठवडा त्यांना थांबू देत नव्हता, म्हणून ते लिहीत राहिले. आणि थांबू देत नव्हता, म्हणूनच काही गोष्टी पुऱ्या झाल्या नाहीत.

एवढ्यावर थांबलो तर हप्त्याने हरिभाऊंना बिघडवले असा निष्कर्ष निघेल, आणि तो मला मान्य नाही. कारण ‘पण लक्षात कोण घेतो?’ हीदेखील हप्त्यांतूनच आली. ‘करमणूक’च्या पहिल्या वर्षी, १८९० साली, ती सुरू झाली आणि १८९३ साली पुस्तक झाले. यमू आपली हकिकत स्वतः सांगते. बालपण, लग्न, सासर, रघुनाथरावांबरोबरचे मुंबईतले दिवस, मग त्यांचा मृत्यू आणि तिच्यावर लादलेले केशवपन. घटनांच्या दृष्टीने पाहिले तर या कादंबरीतही ऐसपैसपणा आहेच. पण इथे तो खटकत नाही. का? कारण बोलणारी बाई अशीच बोलते. तिला वेळापत्रकाने आठवत नाही. ती एका प्रसंगाशी रमते, दुसरा घाईने सांगून टाकते, दुर्गीच्या दुःखाकडे वळते आणि पुन्हा आपल्याकडे येते. हप्त्यामुळे येणारा सैलपणा तिच्या आवाजात मुरून गेला. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबरीत निवेदक बाहेरचा आहे, कारस्थाने गुंतागुंतीची आहेत, आणि तिथे तोच सैलपणा उघडा पडतो. हाच लेखक, हेच साप्ताहिक, हीच घाई. फरक निवेदनाच्या निवडीचा.

म्हणून ‘मागणीप्रमाणे लिहिलेले’ आणि ‘आतून आलेले’ अशी विभागणी समीक्षेला फारशी उपयोगी पडत नाही, असे मला वाटते. विचारायचा प्रश्न असा : ज्या परिस्थितीत मजकूर तयार झाला त्या परिस्थितीची खूण लेखकाने रूपात जिरवली का, की ती डागासारखी वर राहिली? यमूच्या बाबतीत जिरली. दर आठवड्याला एक पान मागणारा छापखाना नसता तर हरिभाऊंनी ती कादंबरी अधिक रेखीव केली असती, आणि तिच्यातला श्वास कदाचित गेला असता.

उलट टोकाचे उदाहरण कोलटकरांचे. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आले. त्यानंतरचा मराठी संग्रह यायला पाव शतकाहून अधिक काळ गेला, आणि मग ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’, ‘भिजकी वही’ एकापाठोपाठ आले. २००४ साली ते गेले. मधल्या काळात ते लिहीत होतेच. म्हणजे इथे चौथा प्रहरच पंचवीस वर्षांचा झाला. राजशेखराच्या लेखी हा धोक्याचा मार्ग : ‘नंतर नीट करू’ म्हणणाऱ्यांत तो त्यांना बसवेल. पण ‘भिजकी वही’ हातात घेतली की त्याचा नियम डळमळतो. अर्थात त्याच नियमाची दुसरी बाजूही खरी : आयुष्याच्या शेवटच्या वर्षात ही पुस्तके बाहेर आली नसती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. आणि हेही विसरू नये की जाहिरातीच्या कामाने कोलटकरांचे पोट कवितेवर टाकले नव्हते. कविता छापायची घाई नसणे ही चैन दुसऱ्या नोकरीने परवडवलेली असते. दत्तावसर असण्याचा हा फायदा हरिभाऊंना मिळाला नाही, कारण त्यांचे दुसरे काम पुन्हा लिहिण्याचेच होते.

आता त्या मोरांच्या बागेकडे परत वळू. राजशेखराच्या कवीच्या घरी अपभ्रंश जाणणारे सेवक आहेत, मागधी बोलणाऱ्या दासी आहेत, सुंदर अक्षराचा आणि चपळ बुद्धीचा लेखनिक आहे. कवीचा तीन तासांचा निवांत दुसरा प्रहर या सगळ्यांच्या कष्टांवर उभा आहे. हे त्याने लपवलेले नाही. त्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटतही नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप टपालखात्यात नोकरी करत असे आणि पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत असे. हे त्याने आत्मचरित्रात सांगून टाकले आणि १८८३ साली, मृत्यूनंतर ते पुस्तक आल्यावर, त्याच्या कीर्तीला त्याचा फटका बसला. कलावंत असा हिशेबी कसा? त्याच्या घड्याळाची चर्चा सगळे करतात. त्याला रोज पहाटे कॉफी घेऊन उठवणाऱ्या म्हाताऱ्या नोकराची कुणी करत नाही. त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. ट्रोलॉपने मात्र प्रामाणिकपणे लिहिले आहे की आपल्या यशाचे सर्वांत मोठे ऋण त्या माणसाचे आहे.

पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, असे राजशेखर याच अध्यायात म्हणतो, आणि कारण देतो ते मोठे आहे : संस्कार आत्म्यावर होतात, त्यांना स्त्री-पुरुष भेद नाही. दहाव्या शतकातल्या शास्त्रकाराने हे म्हणावे याचे कौतुक केलेच पाहिजे. त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिची मतेही त्याने ग्रंथात नोंदवली आहेत. पण त्याच्या डोळ्यांसमोर राजकन्या, मंत्र्यांच्या मुली, गणिका आहेत. वेळापत्रकात बाईसाठी वेगळी ओळ नाही.

ती ओळ मराठीत सापडते. रात्रीचा शेवटचा प्रहर, जेव्हा मन निवळलेले असते असे तो म्हणतो, त्या प्रहरी आपल्याकडे गावोगाव जाते सुरू होत असे. घरातली बाई त्या वेळी उठे ती मन निवळले म्हणून नव्हे, उजाडेपर्यंत पीठ व्हायला हवे म्हणून. आणि त्याच प्रहरी ओवी होत असे. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’मध्ये अशा ओव्या जमवल्या; पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखावर ओव्यांची नोंद झाली. असूर्यंपश्य हा शब्द या बायांना अगदी अक्षरशः लागू पडतो. सूर्य उगवायच्या आत त्यांची रचना संपलेली असे. पण त्यांना सगळा काळ मोकळा नव्हता. त्या दत्तावसरही नव्हत्या, कारण कामातून उरलेला वेळ त्यांना नव्हताच. काम हाच वेळ होता. चार वर्गांपैकी एकातही त्या बसत नाहीत. राजशेखराचे वर्गीकरण अपुरे पडते ते इथे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याबाबत हेच. शेतात, घरात, जात्यावर त्या रचत गेल्या, अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी काही उतरवून घेतले, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. त्यांच्याविषयी बोलताना आपली समीक्षा ताबडतोब ‘निसर्गदत्त’, ‘उपजत’ असे शब्द वापरते. यात आदर आहे, पण एक सोयही आहे. उपजत म्हटले की अभ्यासाचा प्रश्न मिटतो. खरे तर पीठ पडेपर्यंत एकच ओळ घोळवत राहणे, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणून पाहणे, लय अडली की शब्द बदलणे, याला राजशेखर अभ्यास आणि परीक्षण हीच नावे देईल. लिहून ठेवता येत नसेल तर तपासणे अधिक कडक होते. जे जिभेला नको झाले ते दुसऱ्या दिवशी आठवतच नाही. आणि स्मृतीची दृढता ही आठ मातांपैकी सातवी आहे. लेखनिक ठेवू शकणाऱ्या कवीपेक्षा ती या बाईला जास्त लागली.

ओवीच्या बाबतीत गोष्ठीही होती. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असत. एकीने म्हटलेले दुसरीने उचलायचे, पुढे तिच्या माहेरी न्यायचे. राजशेखर कवीला बजावतो की नवे काव्य एकट्या माणसासमोर म्हणू नये. तो ते स्वतःचे म्हणून सांगेल आणि साक्षीदार नसल्याने तुम्ही हराल. दरबारातला हा सल्ला रास्त होता. जात्यावर मात्र असे उचलले जाणे हीच ओवी टिकण्याची रीत होती, आणि म्हणून लाखभर ओव्या उरल्या पण त्यांतल्या बहुतेकींची पहिली धनीण कोण, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नाही.

राजशेखराने आणखी एक सूचना दिली आहे. ग्रंथ पुरा झाला की त्याच्या अनेक प्रती कराव्यात. स्वतःच्या ‘काव्यमीमांसे’च्या बाबतीत नशिबाने त्याची ही सूचना एका अधिकरणापुरतीच पाळली. उरलेल्या सतरांची नावे आणि विषय पहिल्या अध्यायात शिस्तीने दिलेले आहेत.